पायाभरणीतून पदवी : बांधकामक्षेत्रातील ‘डिग्री अप्रेंटिसशिप’

बारावीचा निकाल लागला की शाळेच्या कार्यालयात पालकांची वर्दळ सुरू होते. दाखला, गुणपत्रिकेची प्रत, एखादी सही अशी निमित्ते असतात. पण मनातला प्रश्न निराळाच असतो. “सर, सिव्हिलला घालावे का?” हा प्रश्न विचारून झाला की थोडे थांबून दुसरा येतो. “चार वर्षे फी भरून मुलगा साईटवर गेला, की तिथला मुकादम म्हणतो, ह्याला काहीच येत नाही. असे ऐकतो, ते खरे का?”

ह्या दुसऱ्या प्रश्नात बरेच तथ्य आहे. पुस्तकातला बीम आणि परांचीवर उभे राहून पाहिलेला बीम ह्यांत अंतर असते. ते अंतर पदवी मिळाल्यावर भरून काढायचे, की पदवी मिळवत असतानाच, हाच खरा मुद्दा आहे. इंग्लंडमध्ये २०१५ पासून ह्यावर एक पद्धतशीर उपाय सुरू झाला आहे. त्याचे नाव ‘डिग्री अप्रेंटिसशिप’, म्हणजे नोकरी करता करता, पगार घेत, विद्यापीठाची पूर्ण पदवी मिळवणे. ही योजना नेमकी कशी चालते, तिचे फायदे-तोटे कोणते आणि आपल्या मुलांना त्यातले काय घेता येईल, हे ह्या लेखात पाहू.

जुनीच वाट, नवे नाव

विद्यार्थी मित्रांनो, काम करीत शिकणे ही कल्पना काही नवी नाही. लंडनमधील ‘इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स’ ही स्थापत्य अभियंत्यांची संस्था १८१८ मध्ये स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष थॉमस टेलफर्ड. स्कॉटलंडमधल्या एका मेंढपाळाचा हा मुलगा. वडील लवकर वारले आणि पोर पाथरवटाच्या हाताखाली शिकाऊ म्हणून लागले. दगड घडवता घडवता त्याने नकाशे वाचायला, मग काढायला, मग पूल बांधायला शिकून घेतले. वेल्समधला मेनाई सामुद्रधुनीवरचा त्याचा झुलता पूल १८२६ मध्ये खुला झाला. ज्या व्यवसायाचा पहिला अध्यक्ष हातात छिन्नी-हातोडा घेऊन वर आला, त्या व्यवसायात अंगमेहनतीला कमीपणा कसला?

आपल्या देशातही अभियांत्रिकी शिक्षणाचा जन्म बांधकामाच्या गरजेतूनच झाला. गंगेच्या कालव्याचे प्रचंड काम चालू होते. त्यासाठी माणसे हवी होती, म्हणून १८४७ मध्ये रुडकीचे महाविद्यालय निघाले. पुण्यात १८५४ मध्ये सुरू झालेला अभियांत्रिकी वर्ग हा सार्वजनिक बांधकाम खात्याला हाताखालचे अधिकारी तयार करून देण्यासाठी होता. त्याचेच पुढे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. आणि आपल्या बडोद्याचे काय? श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढले, त्रिभुवनदास गज्जरांसारखा जाणता माणूस प्राचार्य म्हणून नेमला आणि हाताला व बुद्धीला एकाच छपराखाली शिक्षण दिले. दादासाहेब फाळके ह्याच कलाभवनात शिकले. आज आपण ज्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा म्हणतो, तिचे मूळ हेच.

पुढे मात्र दोन वाटा फुटल्या. पदवी कॉलेजात राहिली आणि कसब साईटवर राहिले. डिग्री अप्रेंटिसशिप ह्या दोन वाटा पुन्हा जोडू पाहते.

इंग्लंडमध्ये हे कसे चालते?

अठरा-एकोणीस वर्षांचा विद्यार्थी आधी विद्यापीठाकडे जात नाही, तो एखाद्या बांधकाम कंपनीकडे, सल्लागार अभियंत्यांकडे किंवा नगरपालिकेकडे नोकरीसाठी अर्ज करतो. मुलाखत होते आणि निवड झाली की लेखी करार होतो. त्या दिवसापासून तो कंपनीचा नोकर असतो; पगार, रजा, विमा सगळे नियमानुसार. आठवड्यातला साधारण एक दिवस तो विद्यापीठात जातो, किंवा काही ठिकाणी वर्षातून काही आठवडे सलग जातो. उरलेले दिवस काम. पदवी हातात येऊन शेवटचे मूल्यांकन पूर्ण व्हायला पाच वर्षांच्या आसपास लागतात.

बांधकामक्षेत्रात अशा अनेक शाखा आहेत. स्थापत्य अभियंता, साईट व्यवस्थापक, इमारतींच्या नियमांची तपासणी करणारा अधिकारी, मालमोजणी व खर्चाचा हिशेब पाहणारा ‘क्वांटिटी सर्व्हेअर’, तसेच ‘चार्टर्ड सर्व्हेअर’. आपल्याकडे सर्व्हेअर म्हटले की जमिनीची मोजणी करणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. तिकडे मात्र मालमत्तेचे मूल्य ठरवणारा, प्रकल्पाचा खर्च आटोक्यात ठेवणारा, इमारतीचे दोष शोधणारा, असे सर्व त्या नावाखाली येतात. ह्या शाखेच्या अप्रेंटिसचे अंतिम मूल्यांकन ‘रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ चार्टर्ड सर्व्हेअर्स’ ह्या १८६८ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या कसोटीशी जोडलेले आहे. म्हणजे पदवी आणि व्यवसायाची मान्यता दोन्ही एकाच प्रवासात मिळतात.

आता पैशाचे पाहू. इंग्लंडमध्ये पूर्णवेळ पदवीची फी २०२५-२६ साली वर्षाला ९,५३५ पौंडांपर्यंत होती. बहुतेक विद्यार्थी ती कर्ज काढून भरतात. अप्रेंटिसला मात्र फीपोटी एक पेनीही द्यावी लागत नाही, असा नियमच आहे. मग ती देतो कोण? एप्रिल २०१७ पासून ज्या मालकाचा वार्षिक वेतनखर्च ३० लाख पौंडांहून अधिक आहे, त्याला त्या खर्चाच्या अर्धा टक्का लेव्ही सरकारकडे भरावी लागते. हा पैसा त्याला अप्रेंटिसच्या शिक्षणासाठी वापरता येतो. लहान मालकांच्या बाबतीत बहुतेक किंवा सर्व भार सरकार उचलते.

अशी लेव्ही का लावावी लागली, हे समजून घेण्यासारखे आहे. बांधकामाचा धंदा हा कामापुरता जमलेला मेळा असतो. पूल झाला की माणसे पांगतात, कंत्राटदार बदलतो. अशा वेळी एकाने खर्च करून माणूस शिकवावा आणि दुसऱ्याने चार पैसे जास्त देऊन तो पळवावा, असे होते. मग शिकवतोय कोण? “शिकवील तो फसेल” अशी परिस्थिती झाली की कोणीच शिकवीत नाही, आणि शेवटी सगळ्यांनाच कसबी माणसे मिळेनाशी होतात. ह्यावर उपाय म्हणून ब्रिटनमध्ये १९६४ चा औद्योगिक प्रशिक्षण कायदा आला. त्यानुसार बांधकाम उद्योगाचे स्वतंत्र प्रशिक्षण मंडळ स्थापन झाले. ते धंद्यातल्या मालकांकडून लेव्ही गोळा करून शिकवणाऱ्यांना अनुदान देते. त्या काळी निघालेली अशी बहुतेक मंडळे पुढे बंद पडली; बांधकामाचे टिकले. कारण ह्या धंद्याची गरजच तशी आहे.

एका ठोकळ्याचा धडा

काम आणि अभ्यास एकत्र असण्याचा फायदा शब्दांत सांगण्यापेक्षा एका उदाहरणाने पाहू.

काँक्रीटची ताकद तपासण्यासाठी ओल्या काँक्रीटचा नमुना घेऊन तो १५० मिलिमीटर बाजूच्या पोलादी साच्यात भरतात. इंग्लंडमध्येही हाच ठोकळा चालतो आणि बडोद्यातही. दुसऱ्या दिवशी साचा काढून ठोकळा पाण्यात ठेवतात आणि २८ दिवसांनी यंत्रात दाबून फोडतात. आपण ज्याला ‘एम २५’ म्हणतो, त्यातले २५ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन इतकी अपेक्षित ताकद.

गणित सोपे आहे. ठोकळ्याच्या एका बाजूचे क्षेत्रफळ १५० × १५० = २२,५०० चौरस मिलिमीटर. ठोकळा जर ६,००,००० न्यूटन भाराला फुटला, तर ६,००,००० ÷ २२,५०० = सुमारे २६.७. तोच जर ४,५०,००० न्यूटनला फुटला, तर उत्तर येते २०. म्हणजे काँक्रीट कमी पडले. प्रत्यक्षात तीन ठोकळ्यांची सरासरी घेतात, पण तत्त्व हेच.

वर्गात हे गणित पाच मिनिटांत सुटते आणि पाच गुण मिळतात. साईटवर काय घडते? स्लॅबचे काम चालू असते. काँक्रीट घट्ट वाटते, फावड्याला जड जाते, म्हणून कोणीतरी त्यात बादलीभर पाणी ओततो. काँक्रीट लगेच सैल होते, भराभर पसरते, सगळे खूश. पण सिमेंटला लागणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त झालेले पाणी पुढे उडून जाते आणि मागे बारीक बारीक पोकळ्या सोडते. हे डोळ्यांना दिसत नाही. दिसते ते २८ दिवसांनी, ठोकळा फुटल्यावर. तोवर वरच्या मजल्याचे सेंट्रिंग उभे राहिलेले असते.

शुक्रवारी विद्यापीठात पाणी-सिमेंट प्रमाणाचा आलेख काढणारा आणि सोमवारी ती बादली डोळ्यांनी पाहणारा विद्यार्थी हा धडा जन्मात विसरणार नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो बोलायला शिकतो. आपल्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या गवंड्याला “काका, पाणी नको, थोडे थांबा” हे कोणत्या शब्दांत सांगायचे, की त्याचा मान राहील आणि कामही बिघडणार नाही, हे कोणत्याच पुस्तकात नसते. उलट, गवंड्याच्या हाताला जे कळते ते आपल्याला अजून कळत नाही, ही जाणीवही तिथेच होते. ओळंबा, गुण्या आणि पाणसळ ह्या तीन वस्तूंनी भिंत सरळ ठेवणारा माणूस भूमितीच जगत असतो.

फायद्यांचा हिशेब

दोन विद्यार्थी समजा. दोघेही अठरा वर्षांचे, दोघेही इंग्लंडमधले. पहिला तीन वर्षांच्या पूर्णवेळ पदवीला गेला. २०२५-२६ च्या दराने त्याची फीच २८,६०५ पौंड झाली. राहण्या-जेवण्याचा खर्च वेगळा. दुसऱ्याने पाच वर्षांची डिग्री अप्रेंटिसशिप घेतली. फी शून्य, आणि पहिल्या महिन्यापासून पगार. तेविसाव्या वर्षी पहिल्याकडे पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव आहे, शिवाय डोक्यावर कर्ज. दुसऱ्याकडे पदवी आणि पाच वर्षांचा अनुभव आहे, कर्ज नाही.

पैशाशिवायचे फायदेही मोजायला हवेत. पहिला फायदा म्हणजे हा धंदा आपल्याला मानवतो की नाही, ते लवकर कळते. ऊन, पाऊस, धूळ, पहाटेची काँक्रिटची गाडी, ठरलेल्या तारखेचा ताण हे ज्याला नको असेल, त्याला चौथ्या वर्षी कळण्यापेक्षा चौथ्या महिन्यात कळलेले बरे. दुसरा, सुरक्षिततेची सवय लागते. डोक्यावर हेल्मेट आणि उंचीवर कमरेला पट्टा हे भाषणाने येत नाही, रोजच्या शिस्तीने येते. तिसरा, कंपनीलाही आपल्या पद्धतीत तयार झालेला माणूस मिळतो. आणि चौथा सर्वांत महत्त्वाचा. ज्या घरात चार वर्षांची फी भरण्याची ऐपत नाही, त्या घरातल्या हुशार मुलालाही अभियंता होण्याचे दार उघडे राहते.

अडचणीही तितक्याच खऱ्या

एवढे वाचून कोणाला वाटेल की मग सगळ्यांनी हेच करावे. तसे नाही. ही वाट कष्टाची आहे. मित्र कॉलेजच्या सुट्टीत गावाला जातात, तेव्हा अप्रेंटिस कामावर असतो. दिवसभर साईटवर उभे राहून रात्री निबंध लिहायचा, शनिवार-रविवार अभ्यासात घालवायचा, असे पाच वर्षे चालते. कॉलेजचे मोकळे जीवन, नाटक, खेळ, संमेलने ह्यांतले बरेच हुकते. आवड बदलली तर शाखा बदलणे सोपे नसते. जागा थोड्या आणि इच्छुक फार, त्यामुळे निवड कडक असते.

शिवाय शिक्षणाचे भवितव्य मालकाशी बांधलेले राहते. ब्रिटनमधील कॅरिलियन ही बलाढ्य बांधकाम कंपनी जानेवारी २०१८ मध्ये कोसळली. तेव्हा तिच्याकडे निरनिराळ्या कामांचे सुमारे १,४०० अप्रेंटिस शिकत होते. त्यांना दुसरे मालक शोधून देण्यासाठी प्रशिक्षण मंडळाला धावाधाव करावी लागली. कंपनी बुडाली तर आमच्या मुलाच्या शिक्षणाचे काय, हा प्रश्न पालकांनी विचारलाच पाहिजे, हे त्यावरून दिसते.

सरकारी धोरणही बदलत असते. जानेवारी २०२६ पासून इंग्लंडमध्ये पदव्युत्तर पातळीच्या, म्हणजे सातव्या स्तराच्या, नव्या अप्रेंटिसशिपसाठीचा सरकारी निधी सर्वसाधारणपणे २१ वर्षांपर्यंतच्या उमेदवारांपुरता ठेवण्यात आला. पूर्ण वास्तुविशारद होण्याचा टप्पा ह्याच पातळीवर येतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. इंग्लंडमधील ही योजना तिथे राहणाऱ्यांसाठी आहे. अप्रेंटिसला तिथे काम करण्याचा कायदेशीर हक्क असावा लागतो आणि सर्वसाधारणपणे आधीची तीन वर्षे तिथेच वास्तव्य असावे लागते. तेव्हा “आमच्यामार्फत अर्ज करा, मुलगा इंग्लंडात फुकट पदवीही घेईल आणि पगारही” असे कोणी एजंट सांगू लागला, तर पाकीट खिशातच ठेवावे.

आपल्याकडे काय आहे?

आपल्या देशात शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ पासून आहे. आरंभी तो मुख्यतः कारागिरीच्या धंद्यांसाठी होता. १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर आणि पदविकाधारक अभियंतेही त्यात आले. ३० किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनेने ठराविक प्रमाणात शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. पदवी-पदविका झालेल्यांची योजना केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत चालते. तिची मुंबई, चेन्नई, कानपूर व कोलकाता येथे चार विभागीय मंडळे आहेत. गुजरात, महाराष्ट्र, गोवा आणि मध्य प्रदेश मुंबईच्या मंडळाकडे येतात. कर्नाटक व तेलंगण चेन्नईकडे.

२०१९ च्या नियमांनी पदवीधराला दरमहा किमान ९,००० आणि पदविकाधारकाला ८,००० रुपये विद्यावेतन ठरवले. ह्या किमान रकमेचा निम्मा वाटा केंद्र सरकार उचलते. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने ह्या रकमा ३६ टक्क्यांनी वाढवण्याची शिफारस केली. त्यामुळे करार करताना त्या दिवशी लागू असलेला सरकारी आदेश पाहूनच रक्कम तपासावी.

मात्र नाव सारखे म्हणून दोन्ही गोष्टी एकच समजू नयेत. इंग्लंडमधील अप्रेंटिस नोकर असतो. आपल्या कायद्यानुसार शिकाऊ उमेदवार हा ‘कामगार’ नव्हे, ‘प्रशिक्षणार्थी’ असतो. त्याला पगार नव्हे, विद्यावेतन मिळते. मुदत संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन मालकावर नसते. कॉलेजची फी मालकाने भरावी असाही नियम नाही. तरीही प्रशिक्षणाच्या कामात अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी कायद्याने मालकावरच टाकलेली आहे, हे लक्षात ठेवावे.

पदवीतच शिकाऊ उमेदवारी गुंफण्याचा प्रयत्न आपल्याकडे अलीकडचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यासाठी २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २०२५ मध्ये नव्याने जाहीर केली. त्यांनुसार तीन वर्षांच्या पदवीत एक ते तीन सत्रे आणि चार वर्षांच्या पदवीत दोन ते चार सत्रे प्रत्यक्ष उद्योगात घालवता येतात आणि त्यांचे श्रेयांक पदवीत धरले जातात. अशा अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेचा उद्योगाशी लेखी करार झाला आहे का, ते पाहावे.

जोडून घेतलेली वाट

बांधकामात जाऊ इच्छिणाऱ्या आपल्या मुलांना आणखी एक वाट आहे. तिला डिग्री अप्रेंटिसशिप असे नाव नाही, पण तुकडे जोडले तर ती जवळपास तिथेच पोहोचते.

दहावीनंतर स्थापत्याची तीन वर्षांची पदविका. बडोद्यात विद्यापीठाचे पॉलिटेक्निक आहेच. मग एक वर्षाची शिकाऊ उमेदवारी. त्यानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश. किंवा नोकरी धरून, नोकरदारांसाठीच्या तुकडीतून पदवी. अशा तुकड्यांना अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३-२४ पासून मान्यता द्यायला सुरुवात केली आहे. आपल्या आजोबांच्या पिढीत बांधकाम खात्यातले कित्येक ओव्हरसियर दिवसा साईट आणि रात्री अभ्यास करून ‘इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स’ची एएमआयई परीक्षा देत आणि अभियंते होत. ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांची ती परीक्षा पदवीसमान धरली गेली. त्यानंतरच्यांना ती सवलत उरली नाही. म्हणून आता पदवीचा मार्ग मान्यताप्राप्त संस्थेतूनच आखावा.

ह्या वाटेला एक-दोन वर्षे जास्त लागतात. ‘पदविका’ म्हटले की आपल्या समाजात नाके मुरडली जातात, हेही खरे. “अमक्यांचा मुलगा इंजिनिअरिंगला, आणि तुमचा डिप्लोमाला?” हे वाक्य लग्नकार्यात ऐकू येते. पालकहो, हा विचार आपण सोडला पाहिजे. ज्याला ठोकळा का फुटला हे कळते आणि तो फुटू नये म्हणून काय करायचे हेही कळते, त्याच्या नावापुढची अक्षरे थोडी उशिरा आली तरी चालतात. पण ती यावीत, ह्याचीही काळजी घ्यावी. कसब असून पदवी नसल्यामुळे आयुष्यभर दुसऱ्याच्या सहीवर अवलंबून राहिलेली हुशार माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत.

मुलींनाही हे तितकेच लागू आहे. शकुंतला भगत ह्यांनी १९५३ मध्ये मुंबईच्या व्हीजेटीआयमधून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि पुढे पुलांच्या बांधणीत मोलाचे काम केले. त्या काळी ते जमले, तर आज “साईट मुलींचे काम नव्हे” असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे? फक्त साईटवर स्वच्छतागृह, सुरक्षित ये-जा आणि तक्रार ऐकणारी जबाबदार व्यक्ती आहे का, हे पालकांनी स्वतः जाऊन पाहावे.

सही करण्यापूर्वी

योजना कोणत्याही नावाची असो, करारावर सही करण्यापूर्वी पुढील प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लेखी घ्यावीत.

१. शेवटी मिळणारी पदवी किंवा पदविका कोणाची, आणि तिला कोणाची मान्यता आहे?
२. फी कोण भरणार? दरमहा किती मिळणार आणि कोणत्या तारखेला?
३. आठवड्यातले किती तास अभ्यासासाठी राखीव आहेत? परीक्षेच्या काळात रजा मिळते का?
४. साईटवर शिकवण्याची जबाबदारी कोणत्या अभियंत्यावर आहे? की मुलगा नुसता हजेरीपट आणि झेरॉक्स सांभाळणार?
५. हेल्मेट, बूट, पट्टा कोण देणार? अपघात झाल्यास विमा व भरपाईची सोय काय?
६. कंपनीचे काम बंद पडले तर उरलेले शिक्षण कसे पूर्ण होणार?
७. मध्येच सोडायचे झाल्यास काही रक्कम भरावी लागेल का?

ह्या सातांपैकी पहिल्या, चौथ्या आणि पाचव्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर विद्यावेतन कितीही असो, सही करू नये. पहिल्यावर भविष्य अवलंबून आहे, चौथ्यावर शिक्षण आणि पाचव्यावर जीव.

शाळेने काय करावे?

आपल्या माजी विद्यार्थ्यांत कंत्राटदार आहेत, बांधकाम खात्यातले निवृत्त अभियंते आहेत, वास्तुविशारद आहेत. मुंबई-अहमदाबाद हा ५०८ किलोमीटरचा वेगवान रेल्वेमार्ग आपल्याच शहरातून जातो आणि त्याच्या बारा स्थानकांपैकी एक बडोद्यात आहे. कामे डोळ्यांसमोर असताना आपली मुले ती केवळ रिक्षातून जाताना पाहतात. विश्वस्त मंडळाला नम्र सूचना अशी, की नववी ते बारावीच्या मुलांसाठी वर्षातून दोन वेळा, योग्य परवानगी आणि सुरक्षिततेची व्यवस्था करून, चालू बांधकामाला भेट ठेवावी. त्या भेटीत अभियंत्याइतकाच वेळ गवंडी आणि सळई बांधणाऱ्या कारागिरालाही बोलू द्यावे. खर्च फारसा नाही. पण त्यातून एखाद्या मुलाला आपली वाट वेळेवर सापडली, तर एका घराची काही लाखांची फी आणि काही वर्षांची घालमेल वाचेल.

करून पाहा

१. घराजवळच्या बांधकामाच्या कुंपणाबाहेर उभे राहून पंधरा मिनिटे निरीक्षण करा. किती प्रकारची कामे चालली आहेत त्यांची यादी करा. आत मात्र परवानगीशिवाय जाऊ नका.
२. एम ३० काँक्रीटचा १५० मिलिमीटरचा ठोकळा किमान किती न्यूटन भार सोसायला हवा? (उत्तर : ३० × २२,५०० = ६,७५,००० न्यूटन.)
३. दोरा आणि जड नट वापरून ओळंबा तयार करा. वर्गातली कोणती भिंत सर्वांत सरळ आहे ते शोधून काढा.
४. घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या ज्येष्ठ माणसाला विचारा : “तुम्ही तुमचे काम कोणाकडून शिकलात?” मिळालेले उत्तर दहा ओळींत लिहून वर्गशिक्षकांकडे द्या. निवडक उत्तरे पुढच्या अंकात छापू.